हाडाची पुनर्बांधणी : आधार, लेप आणि आपले उत्तरदायित्व

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संकलित रूप)



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या असते, खाटांचा हिशोब असतो, जमाखर्चाचा ताळेबंद असतो. ते सर्व आवश्यकच आहे. परंतु येत्या काही वर्षांत आपल्या रुग्णालयाच्या दारी येऊन उभे राहणारे एक नवे शास्त्र आपणा सर्वांना ठाऊक असावे, अशी इच्छा अध्यक्ष महोदयांनी व्यक्त केली आणि ती जबाबदारी माझ्यावर सोपविली. नष्ट झालेले हाड शरीराकडूनच पुन्हा घडवून घेणे, त्यासाठी जखमेत एक तात्पुरता सच्छिद्र आधार ठेवणे आणि त्या आधारावर हाडाला रुचेल असा लेप चढविणे, असा हा विषय आहे. मी प्रयोगशाळेतील संशोधक नाही. अस्थिरोगचिकित्सा हा माझा व्यवसाय. त्यामुळे या शास्त्राकडे मी रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहून पाहतो, आणि आपणही तसेच पाहावे अशी विनंती करतो.

हाड ही सजीव वस्तू आहे

हाड म्हणजे शरीराचे लाकूडसामान, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरसच्या खनिजाचा असतो. शास्त्रज्ञ त्या जातीच्या खनिजाला हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणतात. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिज कठीणपणा देते, कोलॅजन लवचीकपणा देते. नुसते खनिज असते तर हाड खडूसारखे तुटले असते. नुसते कोलॅजन असते तर ते कातड्याच्या पट्ट्यासारखे वाकले असते.

या रचनेत पेशी अहोरात्र काम करीत असतात. काही पेशी जुने हाड कुरतडून काढतात, काही त्या जागी नवे हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नवा होत असतो. म्हणूनच मोडलेले हाड जुळते. त्वचेची खोल जखम भरली की व्रण मागे राहतो. हाडाची जखम मात्र हाडानेच भरून येते. प्लास्टर असो, पट्टी असो वा सळई असो, डॉक्टर हाड जोडत नाही. हाड जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवतो, एवढेच. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगावर बांबूच्या व झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधण्याचे वर्णन आहे, त्यामागील तत्त्वही हेच होते.

फट भरून येत नाही तेव्हा

निसर्गाच्या या सामर्थ्याला मर्यादा आहे. मोडलेली दोन टोके जवळ असतील, रक्तपुरवठा शाबूत असेल आणि जखम स्वच्छ असेल, तर हाड जुळते. परंतु मधला काही सेंटीमीटरचा तुकडाच नाहीसा झाला असेल, तर शरीर ती फट ओलांडू शकत नाही. दोन्ही टोके गुळगुळीत होऊन बसतात आणि मध्ये तंतुमय ऊतींचा निरुपयोगी पूल तयार होतो.

आपल्या अमरावती-अकोला परिसरात असे रुग्ण कोण असतात? महामार्गावर दुचाकीवरून जाताना ज्याच्या नडगीवरून वाहन गेले असा तरुण. मळणीयंत्रात किंवा जिनिंगच्या यंत्रात ज्याचा हात सापडला असा मजूर. लहानपणी हाडात पू झाला आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने ज्याचे हाड आतून कुजले असे मेळघाटातील मूल. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या विकारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. परिणामी मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोल भाग रक्ताअभावी मरतो आणि ऐन पंचविशीत माणूस लंगडू लागतो. गाठीमुळे हाडाचा भाग काढून टाकावा लागलेले रुग्ण निराळेच.

नडगीचे हाड तर समोरून केवळ कातडीने झाकलेले असते. तेथे मांसाचे पांघरूण नाही. त्यामुळे अपघातात ते सहज उघडे पडते, त्यात माती जाते, जंतू शिरतात, आणि पुढे ‘पाय वाचवायचा की कापायचा’ हा प्रश्न कुटुंबापुढे येऊन ठाकतो.

आज आमच्यापाशी याला उत्तरे नाहीत असे नाही. पहिले उत्तर रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून थोडे हाड काढून फटीत भरण्याचे. गुणवत्तेत याला अजूनही तोड नाही, कारण त्यात जिवंत पेशी, खनिज आणि वाढीचे संकेत ही तिन्ही अंगे असतात. पण कमरेत हाडाची खाण नाही. ते मोजकेच मिळते, आणि काढलेल्या जागी पुष्कळांना दीर्घकाळ दुखते. दुसरे उत्तर सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून विकसित केलेल्या कड्यांच्या चौकटीचे. निरोगी भागात हाड कापून ते दररोज १ मिलिमीटर या गतीने सरकवीत नेले, तर मागे नवे हाड तयार होत जाते. तिसरे उत्तर फ्रान्सचे डॉ. आलें मास्कले यांनी १९८० च्या दशकात दिले. फटीत प्रथम सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती शरीर एक रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण तयार करते, मग ठोकळा काढून त्या आवरणाच्या पिशवीत हाडाचे तुकडे भरायचे.

या पद्धतींनी असंख्य पाय वाचले आहेत. परंतु त्यांची किंमत काळात मोजावी लागते. ६ सेंटीमीटरची फट भरायची तर हाड सरकविण्यातच ६० दिवस जातात, आणि ते नवे हाड पक्के व्हायला त्याच्या कित्येक पट अधिक काळ लागतो. वर्षभर पायात लोखंडी कडी वागवणाऱ्या शेतमजुराच्या घरी त्या वर्षात काय घडते, हे रुग्णालयाच्या बिलात कोठेही लिहिलेले नसते. नव्या शास्त्राची निकड आहे ती या ठिकाणी.

आधार : परांची आणि वेल

इमारत बांधताना गवंडी प्रथम बांबूची परांची उभारतो. परांची म्हणजे इमारत नव्हे. भिंत उभी राहिली की ती उतरवली जाते. हाडाच्या फटीत ठेवायचा आधार हीच कल्पना मानतो. आपल्या भागातील दृष्टान्त द्यायचा तर अंजनगाव सुर्जी आणि अकोट परिसरातील पानपिंपरीच्या मळ्याचा देता येईल. वेलीला चढायला शेवरी, पांगारा अशांचा आधार लागतो. आधार नसेल तर वेल जमिनीवर पसरून कुजते. आधाराची साल तिला धरता येण्याजोगी हवी, त्याची सावली बेताची हवी, आणि दोन आधारांमध्ये वारा खेळेल इतके अंतर हवे. हाडाच्या पेशींच्या मागण्याही अशाच आहेत.

त्या मागण्या चार. पहिली, आधार सच्छिद्र हवा आणि छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत. छिद्राचा व्यास किमान १०० मायक्रॉन आणि शक्यतो ३०० मायक्रॉनहून अधिक असावा, असे सामान्यतः मानले जाते, कारण पेशींच्या पाठोपाठ रक्तवाहिन्यांनाही आत शिरायचे असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुसरी, आधाराने काही भार पेलला पाहिजे. तिसरी, नवे हाड तयार होत जाईल त्या गतीने तो विरघळला पाहिजे. लवकर विरला तर वेल कोसळते, फार टिकला तर नव्या हाडाची जागा अडवतो. चौथी, पेशींना तो आपला वाटला पाहिजे.

अडचण अशी की या चारही मागण्या एकच पदार्थ पूर्ण करीत नाही. टायटॅनियम बळकट आहे, पण विरघळत नाही. शिवाय ते हाडापेक्षा पाच-सहा पट ताठर असल्याने भार स्वतःच घेते, आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते हाड झिजते. पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोन यांसारखी विरघळणारी बहुवारिके हव्या त्या आकारात घडविता येतात, पण त्यांचा पृष्ठभाग पाण्याला विन्मुख असतो. अळूच्या पानावरून थेंब घरंगळावा तशा पेशी त्यावर ठरत नाहीत. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची भाजलेली माती पेशींना आवडते, पण ती कपासारखी ठिसूळ. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये तयार केलेली जैवसक्रिय काच हाडाशी प्रत्यक्ष बंध जोडते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, तीही ठिसूळच.

१९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांनी ऊती-अभियांत्रिकी या विद्याशाखेची रूपरेषा मांडली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत एक व्यवहारी विचार बळावला. एका पदार्थाकडून सगळे गुण मागण्यापेक्षा अंग एकाचे घ्यावे आणि त्यावर कातडी दुसऱ्याची चढवावी. आजच्या विषयातील लेप तो हाच.

लेप : कल्हईच्या उलट

आपल्या आजीच्या काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. कल्हईचे काम भांडे आणि अन्न यांची गाठ पडू न देण्याचे. हाडाच्या आधारावरील लेपाचे काम याच्या अगदी उलट आहे. परक्या वस्तूची आणि शरीराची ओळख करून देण्याचे. मात्र दोन्हींचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते. कल्हईवाला भांडे घासून स्वच्छ करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. तयारीत कसूर झाली तर कल्हई उडते. हाडातही लेप सुटला तर त्याचे कण तेथेच दाह निर्माण करतात आणि रोगापेक्षा औषध जड होते.

लेप अनेक प्रकारचे आहेत. सर्वांत जुना आणि सर्वाधिक अनुभवाचा लेप हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा. १९८५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक रोनाल्ड फर्लाँग यांनी हा लेप दिलेला कृत्रिम खुबा रुग्णात बसविला. त्यानंतर असे खुबे जगभर वापरात आले. हा लेप चढविताना खनिजाची भुकटी हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्माच्या झोतातून धातूवर फेकतात. या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. इतक्या उष्णतेत खनिजाचा काही भाग बदलून अधिक लवकर विरघळणारा होतो. दुसरे असे की झोत समोरच्या पृष्ठभागावरच बसतो, छिद्रांच्या आत वळत नाही. खुब्याच्या दांड्याला ते चालते. सच्छिद्र आधाराला चालत नाही.

म्हणून सच्छिद्र आधारासाठी द्रावणाचे मार्ग शोधले गेले. जपानमधील प्राध्यापक कोकुबो यांनी रक्तातील क्षारांशी मिळतेजुळते एक द्रावण तयार केले. योग्य तयारी केलेला पृष्ठभाग त्यात शरीराच्या तापमानाला काही दिवस ठेवला, की त्यावर हाडासारख्या खनिजाचा पातळ थर आपोआप जमतो, आणि तो आतल्या छिद्रांतही पोहोचतो. येथे जाडीचे गणित ध्यानात घ्यावे लागते. छिद्र ३०० मायक्रॉनचे आणि लेप १०० मायक्रॉनचा असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून २०० मायक्रॉनचा मार्ग लेपानेच व्यापला. रक्तवाहिनीसाठी उरले १००. जाड लेप म्हणजे चांगला लेप, हे समीकरण येथे चुकीचे ठरते.

पाण्याला विन्मुख अशा बहुवारिकांवर कोलॅजन, जिलेटिन, कायटोसान अशा नैसर्गिक द्रव्यांचा थर देतात. समुद्रातील शिंपले लाटांच्या माऱ्यातही खडकाला चिकटून राहतात. त्यांच्या चिकटद्रव्यापासून स्फूर्ती घेऊन २००७ मध्ये पॉलिडोपामाइन हा लेप पुढे आला. तो जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागाला धरतो आणि त्यावर पुढचा थर चढविता येतो. उलटपक्षी, ठिसूळ काचेच्या आधारावर बहुवारिकाचा पातळ थर दिला तर तो तडा पसरू देत नाही.

जंतूंशी शर्यत हाही लेपाचाच विषय आहे. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी असे प्रतिपादन केले, की शरीरात कोणतीही परकी वस्तू बसविली की तिच्या पृष्ठभागासाठी जंतू आणि शरीराच्या पेशी यांच्यात शर्यत सुरू होते. एस. टी. बस फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली रीत आठवावी. ज्याचा रुमाल आधी पडला, त्याची जागा. जंतूंनी आधी जागा धरली तर ते स्वतःभोवती चिकट आवरण विणतात आणि मग रक्तातून दिलेले प्रतिजैविक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचा किंवा चांदीचा लेप देऊन पहिले काही दिवस जंतूंना दूर ठेवण्याचे प्रयत्न झाले. त्यातही तारतम्य हवे. जंतूंना मारणारी मात्रा हाडाच्या पेशींनाही मारू शकते.

चिकटण्याच्या या मुद्द्याला आपल्याच भूमीवरील एक उदाहरण देतो. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्यादरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या कामाचा आपणा सर्वांना अभिमान वाटला. पण कोणताही अभियंता सांगेल, की वरचा थर घालण्याआधी खालचा थर झाडून, चिकट डांबराचा हात देऊन तयार करावा लागतो आणि त्याखालचा भराव आधीच दाबून पक्का असावा लागतो. आपल्या काळ्या जमिनीवर भराव कच्चा राहिला तर वरचा थर कितीही उत्तम असला तरी उन्हाळ्यात भेगाळतो. हाडाच्या जखमेतील मेलेले मांस न काढता, पू न संपविता, त्यावर जगातील सर्वोत्तम लेपाचा आधार ठेवला, तरी परिणाम तोच. शिवाय रस्ता १०५ तासांत होतो. हाडाला तशी घाई मान्य नाही.

पुण्यातील रेशमाचे काम

आपल्या राज्यातील एका कामाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या धाग्यातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडासाठी आधार तयार करण्याचे काम केले आहे. रेशमाचा टाका शल्यचिकित्सक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. शरीराला तो परिचित आहे. या गटाने रेशीम-प्रथिनाचे सूक्ष्म कण एकत्र सांधून आधार बनविला. कणांमधल्या मोकळ्या जागा हीच त्याची छिद्रे. असा आधार दाबाला चांगला टिकतो आणि सावकाश विरघळतो, असे त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखविले आहे. या कामातून सेरिजेन ही कंपनीही पुण्यात उभी राहिली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हाडासाठीच्या मृत्तिकाद्रव्यांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

पश्चिम विदर्भात कपाशीच्या जोडीला तुती लावून रेशीम कोष काढणारे शेतकरी आहेत. त्यांच्या कोषातील तोच पदार्थ उद्या एखाद्या मजुराच्या नडगीत काम करील, ही कल्पना सुखावणारी आहे. पण शेतातील कोष आणि शस्त्रक्रियागृहातील आधार यांत शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण आणि परीक्षणाचे फार मोठे अंतर आहे. ते अंतर तोडणाऱ्यांना साहाय्य करावे. ते अंतर नाहीच, असे मात्र कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

अजून न सुटलेला प्रश्न

या शास्त्राचा सर्वांत कठीण प्रश्न रक्ताचा आहे. जिवंत पेशी जवळच्या केशवाहिनीपासून फार तर १०० ते २०० मायक्रॉन अंतरावर तग धरते. वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत ठिबकची नळी जेथवर पोहोचते तेथवरच झाडे हिरवी राहतात, तसेच हे आहे. छोट्या फटीत रक्तवाहिन्या कडेकडून आत शिरतात आणि काम होते. ५-६ सेंटीमीटरच्या आधारात मात्र त्या मध्यभागी पोहोचेपर्यंत तेथील पेशी मेलेल्या असतात. प्रयोगशाळेतील बशीत आणि लहान प्राण्यांत उत्तम ठरलेले अनेक आधार माणसाच्या लांब हाडात अडतात, त्याचे मुख्य कारण हे. म्हणूनच आजमितीस असे पदार्थ लहान पोकळ्या भरण्यासाठी, दातांच्या व जबड्याच्या कामात, किंवा रुग्णाच्या स्वतःच्या हाडात मिसळून पुरवणी म्हणून अधिक उपयोगी पडतात. मोठ्या फटीसाठी इलिझारोव्हची कडी आणि कमरेचे हाड यांना निवृत्त करण्याची वेळ आलेली नाही.

उत्साहाच्या भरात काय होते, याचे एक उदाहरण आपण लक्षात ठेवावे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखविले, की खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड उगवते. त्यामागील प्रथिनांना पुढे हाडघडणीची प्रथिने असे नाव मिळाले. यांतील एक प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते प्रभावी होते; पण मान्यता नसलेल्या ठिकाणीही त्याचा वापर फोफावला. मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याच्या घटनांमुळे तेथील औषध प्रशासनाला २००८ मध्ये इशारा द्यावा लागला. २०११ मध्ये मणक्याच्या एका नामांकित नियतकालिकाने जुन्या चाचण्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. उद्योगाच्या पैशावर झालेल्या त्या चाचण्यांत दुष्परिणाम कमी दाखविले गेले होते, असा तिचा निष्कर्ष होता. प्रथिन वाईट नव्हते. कोणासाठी, किती आणि कोठे, हा विवेक सुटला होता.

आपण काय करावे

विश्वस्त महोदयांना माझी पहिली विनंती अशी. नवे द्रव्य रुग्णालयात आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार त्याला मान्यता आहे काय? माणसांवरील अनुभव किती वर्षांचा आणि कोणत्या हाडाचा आहे? आणि त्याच रुग्णाला कमरेचे हाड घालून तेच साधले नसते काय? एखादे द्रव्य अद्याप चाचणीच्या अवस्थेत असेल, तर नीतिसमितीची संमती, शासकीय नोंदणी आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली लेखी संमती यांवाचून ते वापरू नये. धर्मादाय रुग्णालयात येणारा गरीब रुग्ण नाही म्हणायला संकोचतो. त्याच्या संकोचाला संमती समजणे हे आपल्या संस्थेच्या ब्रीदाला शोभणारे नाही.

देणगीदारांना दुसरी विनंती. यंत्रावर आणि इमारतीवर नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. पण हाडाची फट भरणाऱ्या रुग्णाला सर्वांत मोठी गरज काळाची असते. शासकीय योजनांतून शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा भागतो. वर्षभराची बुडालेली मजुरी, फेरतपासणीचे बसभाडे, पथ्याचे अंडे-दूध आणि सोबतच्या माणसाचे जेवण भागत नाही. असंख्य रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात ते औषध लागू पडले नाही म्हणून नव्हे, तर घर चालेना म्हणून. अशा रुग्णांसाठी एक स्वतंत्र निधी उभारला, तर तो कोणत्याही परदेशी लेपाइतकेच हाड जोडील. पायावरील कडी म्हणजे परांची, तसा घरावरील हा निधी म्हणजेही परांचीच. गरज संपली की ती दुसऱ्या घरासाठी उतरवून नेता येते.

रुग्णांच्या आप्तांना तिसरी विनंती. हाड उघडे पडलेली जखम असेल तर हळद, माती, राख काहीही न लावता स्वच्छ कापडाने झाकावी, पाय काठीच्या आधाराने स्थिर करावा आणि त्वरित रुग्णालय गाठावे. पहिल्या काही तासांत धुतलेली जखम आणि वेळेवर दिलेले प्रतिजैविक यांनी जितक्या फटी टळतात, तितक्या पुढे कोणताही आधार भरू शकत नाही. गावातील हाडवैद्यांच्या अनुभवाविषयी मला अनादर नाही; परंतु घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली बोटे गार पडली, काळी-निळी झाली किंवा बधिर झाली, तर एक क्षणही थांबू नये. खर्रा आणि विडी या काळात पूर्ण बंद ठेवावी; निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि रक्तावाचून हाड जुळत नाही हे आपण आताच पाहिले. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. डॉक्टरांनी सांगितल्यावर भार टाकायला भिऊ नये. बेताचा भार ही हाडाला मिळालेली आज्ञाच असते. ज्या घरी सिकलसेल आहे, त्या घरातील मुलाचा खुबा किंवा गुडघा दुखू लागला तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये.

मित्रहो, आधाराचे आणि लेपाचे हे शास्त्र खरे आहे, आणि ते पुढे जाईल याविषयी मला शंका नाही. या शास्त्राने आम्हा वैद्यांना एक नम्रता शिकविली आहे. हाड आम्ही घडवीत नाही. ते शरीर घडविते. आम्ही जागा स्वच्छ करतो, आधार देतो, रक्ताची वाट मोकळी ठेवतो आणि वाट पाहतो. आपल्या संस्थेचे कार्यही यापेक्षा वेगळे नाही. या वर्षी ज्यांचा उपचार अपुरा राहिला त्या रुग्णांची यादी अहवालाच्या पानांत दिसणार नाही. ती कार्यालयाने तयार करावी आणि पुढील सभेपूर्वी त्यांपैकी प्रत्येकाच्या घरी निरोप जावा, एवढे मागणे विश्वस्त मंडळापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.